थकलेल्या म्हाताऱ्या माणसाचा व्यायाम: आधी खुर्ची, मग तोल, चालणं शेवटी

आबांचं अंग उतरलं, पाय लटपटायला लागले, की घरातली मंडळी एकच सांगतात: "रोज मारुतीच्या देवळापर्यंत चक्कर मारत जा." मग आबा चक्कर मारतात, आणि एखाद्या दिवशी सिमेंट रोडच्या कडेवरून पाय घसरून पडतात. सल्ला वाईट हेतूचा नसतो, पण त्याचा क्रम उलटा असतो. मांडीत ताकद नाही आणि अंगाला तोल नाही, अशा माणसाला नुसतं चालवलं तर त्याला पडायची संधीच जास्त मिळते. तोल आणि ताकद यांचे व्यायाम नियमाने केले तर म्हाताऱ्या माणसांचं पडणं साधारण एक चतुर्थांशाने कमी होतं, हे अनेक देशांतल्या चाचण्या एकत्र करून दिसलेलं आहे. नुसत्या चालण्याबद्दल तसा भक्कम पुरावा नाही.

हा कार्यक्रम सत्तरीतल्या धडधाकट, अजून वावरात डवरणी करणाऱ्या माणसासाठी नाही. पुढच्या पाचपैकी तीन गोष्टी लागू होत असतील त्याच्यासाठी आहे: वर्षभरात न ठरवता वजन साडेचार किलोच्या वर उतरलं, थोड्या कामानेही थकवा येतो, हाताची पकड सैल झाली, चाल मंदावली, हालचाल घरापुरती उरली. एक-दोनच लागू असतील तरी सुरुवात इथूनच करा, फक्त पुढच्या पायऱ्या लवकर चढता येतील.

## टप्पा १. आधी कोणाला तपासून घ्यायचं

खालीलपैकी काही असेल तर डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय सुरू करू नका:

- गेल्या तीन महिन्यांत हार्ट अटॅक, लकवा, हाड मोडणं किंवा मोठं ऑपरेशन
- छातीत दुखणं, बसल्या जागी दम लागणं
- शांत बसलेलं असताना बीपी १८०/११० किंवा त्याहून जास्त
- एकाच पोटरीला नवी सूज, किंवा गुडघा लाल, गरम आणि सुजलेला
- उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणं, एकदाही बेशुद्ध पडणं
- कारण न कळता झपाट्याने उतरलेलं वजन

शेवटच्या गोष्टीकडे गावात सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. "वयच झालं" म्हणून वजन उतरत नाही. टीबी, वाढलेली शुगर, थायरॉइड, कॅन्सर, नाहीतर नुसते दात गेल्यामुळे कमी झालेलं जेवण, यातलं काहीतरी बऱ्याचदा असतं. त्याचा छडा आधी लावा.

अंधारी येत नसली तरी एक तपासणी आरोग्य उपकेंद्रात जाऊन करून घ्याच. पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी मोजायला सांगा. मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर उभ्याने करायचे व्यायाम थांबवा आणि औषधांची सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. बीपीची, प्रोस्टेटची, झोपेची गोळी यात बऱ्याचदा सापडते. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, तेही तितकंच धोक्याचं आहे.

पाठीचा मणका दबलेला असेल, पोक एकाएकी वाढलं असेल किंवा हाडं ठिसूळ असल्याचं सांगितलं असेल, तर कमरेतून पुढे वाकायचे आणि पिळायचे प्रकार नकोत. सूर्यनमस्कार, पायाचे अंगठे धरणं, टीव्हीवर बघून केलेली आसनं या माणसासाठी नाहीत.

## टप्पा २. जागा, खुर्ची, कपडे, वजनं

खुर्ची. लग्नाच्या मांडवातली प्लास्टिकची खुर्ची वापरू नका. म्हातारा माणूस पुढच्या काठावर सरकला की तिचे पाय फाकतात. लाकडी किंवा लोखंडी, चार पायांची, न डुगडुगणारी खुर्ची घ्या आणि तिची पाठ भिंतीला टेकवा. बैठक जमिनीपासून सतरा-अठरा इंच हवी. बसल्यावर गुडघ्यापेक्षा कंबर खाली जाता कामा नये. बाज या कामाला चालत नाही: दोऱ्या सैल झालेल्या असतात, कंबर खोल बसते, आणि तिथून उठणं ताकदवान माणसालाही जड जातं.

जमीन. कोरडी. सडा-सारवण झाल्यावर जमीन पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात आंगणात शेवाळ धरतं, तेव्हा सपरीत (ओसरीत) किंवा घरातच करा. बाजूला पसरलेलं पोतं, मोबाईलच्या चार्जरची वायर, उंबरठ्याजवळची चप्पल, हे सगळं आधी उचला.

पाय. रबरी सपाता नकोत, फरशीवर नुसते मोजेही नकोत. टाचेला पट्टा असलेली चप्पल किंवा कॅनव्हासचा बूट ठीक. अनवाणी चालेल, पण शुगरमुळे तळपाय बधिर असेल तर नाही. लुगड्याचा किंवा धोतराचा काठ घोट्याच्या वर घ्या आणि पदर खोचा.

कमरेचा दुपट्टा. सुती दुपट्ट्याची चौपदरी घडी करून कमरेभोवती घट्ट बांधा. तोल गेला तर धरायचं ते हे, हात किंवा बगल नव्हे. बगलेत हात घालून ओढल्याने म्हाताऱ्या खांद्याचे स्नायू फाटू शकतात.

वजनं. विकत घ्यायची गरज नाही. जुन्या पँटच्या पायाच्या कापडातून साधारण बारा इंच लांब, चार इंच रुंद पिशव्या शिवा. चाळून वाळवलेली रेती अर्धा किलो भरा. वजन किराणा दुकानाच्या काट्यावर करा, अंदाजाने नाही. मधे दोन आडव्या टिपा मारल्या की रेती एका टोकाला गोळा होत नाही. दोन्ही टोकांना नाड्या लावा. तांदूळ किंवा डाळ भरू नका, आठ दिवसांत उंदीर पिशवी फोडतात. अशा चार पिशव्या पुरतात.

माणूस. सोबत कोणीतरी हवं. बसून करायच्या व्यायामाला सातवी-आठवीतला नातू चालेल, मोबाईलवर सेकंदही तोच मोजेल. तोलाच्या व्यायामाला मात्र मोठं माणूसच. कापूस वेचणीच्या किंवा सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत घरी कोणी नसतं. त्या दिवसांत फक्त बसूनचे व्यायाम करायचे, हे आधीच ठरवून ठेवा.

## टप्पा ३. सुरुवातीची मोजणी

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. मग महिन्याने "काही फरक नाही" म्हणून सोडतात, कारण फरक मोजायला आधीचा आकडाच नसतो. वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून तीन आकडे लिहा.

1. पाचदा उठणं. हात छातीवर आडवे. खुर्चीवरून पूर्ण उभं राहून पुन्हा बसायचं, असं पाच वेळा. पाचव्यांदा सरळ उभं राहिल्यावर घड्याळ थांबवा. १५ सेकंदांच्या वर वेळ लागला तर पायांत ताकद कमी आहे. हात टेकावे लागले तर आकड्याऐवजी "हाताने" असं लिहा.
2. तोल. दोन्ही पावलं चिकटवून दहा सेकंद. मग एक पाऊल अर्धं पुढे, दहा सेकंद. मग एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावून दहा सेकंद. जिथे जमत नाही तिथे थांबा आणि तेच लिहा. मदतनीस हातभर अंतरावर.
3. चाल. खडूने चार मीटर अंतरावर दोन रेघा मारा. पहिल्या रेघेच्या एक मीटर आधीपासून रोजच्या वेगाने चालायला सांगा. रेघ ते रेघ पाच सेकंदांहून जास्त लागले तर चाल मंद आहे.

यावरून पायरी ठरते. हात टेकल्याशिवाय उठता येत नाही: पहिली पायरी. उठता येतं पण १५ सेकंदांहून जास्त लागतात, किंवा टाच-बोट दहा सेकंद टिकत नाही: दुसरी पायरी. दोन्ही जमतं, पण थकवा आहे आणि चाल मंद आहे: तिसरी पायरी. मनाने वरची पायरी देऊ नका. आबांना राग येतो म्हणून तिसरी धरली, तर पहिल्याच आठवड्यात गुडघा धरतो आणि कार्यक्रम बंद पडतो.

## टप्पा ४. वेळ आणि अंग मोकळं करणं

ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सोडून. सोमवार, बुधवार, शुक्रवार सोयीचे. बाजाराचा दिवस आड येत असेल तर बदला, पण एकदा ठरवलेले वार मोडू नका. पहिल्या पायरीला सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ. पुढे अर्ध्या तासापर्यंत.

जेवणानंतर निदान तासभर सोडा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर उपाशीपोटी करू नका. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तरच. एकादशी, हरतालिका, महाशिवरात्र अशा उपासाला सुट्टी.

एप्रिल ते जून सकाळी सातच्या आत आटोपा. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा संध्याकाळी सहालाही भिंती तापलेल्या असतात, त्यामुळे संध्याकाळ ही सोय नव्हे. उन्हाच्या लाटेच्या दिवसांत प्रत्येक व्यायामाची आवर्तनं निम्मी करा, पण महिनाभर बंद ठेवू नका. लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठेवा. हृदय किंवा किडनीच्या रुग्णाला "भरपूर पाणी पी" हा सल्ला लागू होत नाही.

बाजेवरून उठून थेट व्यायाम नको. काठावर दोन मिनिटं बसवा, पावलं वर-खाली वीस वेळा हलवायला लावा, मग उभं करा. त्यानंतर खुर्चीवर बसून पाच मिनिटं: खांदे मागे फिरवणं दहा वेळा, बसल्या बसल्या पाय आळीपाळीने उचलणं वीस वेळा, घोटे गोल फिरवणं प्रत्येकी दहा वेळा, मान सावकाश डावी-उजवीकडे पाच वेळा. मान गोल गरगर फिरवू नका, चक्कर येते.

तपासा: आता ओळीने चार शब्द न थांबता बोलता येतात का? येत नसतील तर आज इथेच थांबा.

## टप्पा ५. ताकद

सगळ्यांना लागू असलेले तीन नियम. उचलताना दोन अंक, खाली सोडताना चार अंक. अंक म्हाताऱ्या माणसाने स्वतः मोठ्याने मोजायचे, म्हणजे श्वास कोंडला जात नाही आणि बीपी एकदम चढत नाही. शेवटची दोन आवर्तनं जड वाटली पाहिजेत. सगळीच सोपी जात असतील तर ती नुसती हालचाल आहे, व्यायाम नाही.

### खुर्चीवरून उठणं-बसणं

एवढा एकच व्यायाम करायला वेळ असेल तर हा करा. संडासला जाणं, न्हाणीतून बाहेर येणं, एसटीत चढणं, सगळं यावर आहे. शाळेतल्या उठाबशांशी याचा संबंध नाही. खाली जमिनीपर्यंत जायचं नाही.

1. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर सरका.
2. पावलं खांद्याइतकी रुंद, गुडघ्यांच्या थोडी मागे. उठता न येण्याचं सर्वांत मोठं कारण हेच असतं: पावलं फार पुढे.
3. छाती पुढे न्या, नाक पायाच्या अंगठ्यांच्या रेषेत येईपर्यंत. म्हाताऱ्या माणसाला इथे पुढे पडायची भीती वाटते आणि तो मागे रेलतो. मदतनिसाने समोर स्टूल ठेवून त्यावर हात पुढे टेकायला दिले की भीती जाते.
4. टाचांवर जोर देऊन उभे राहा. गुडघे सरळ, क्षणभर थांबा.
5. कंबर मागे नेत, चार अंक मोजत बसा. धपकन बसणं म्हणजे व्यायामाचा निम्मा भाग वाया, आणि ठिसूळ मणक्याला दणका.

पहिल्या पायरीवाल्याला बैठकीवर घडी केलेल्या गोधड्या घालून उंची वाढवा, हात टेकून पाचदा उठता येईल इतकी. घडी घट्ट हवी, लोळणारी उशी नको. पाचाचे आठ झाले की एक गोधडी कमी करा. गोधडी संपली की हाताचा आधार कमी करा: आधी दोन हात, मग एक, मग छातीवर. दोन्ही एकाच आठवड्यात कमी करू नका.

दुसरी पायरी: पाच ते आठ वेळा, दोन मिनिटं विसावा, पुन्हा तितकेच. तिसरी पायरी: दहा वेळा दोनदा, नंतर छातीशी अर्ध्या किलोची पिशवी धरून.

थांबा: मदतनीस हात धरून ओढतोय का ते बघा. ओढल्याने म्हातारी उठते, पण काम सुनेच्या पाठीचं होतं. मदतनिसाने कमजोर बाजूला, किंचित मागे उभं राहून दुपट्ट्यावर फक्त हात ठेवायचा.

### बाकीचे

गुडघा सरळ करणं. खुर्चीवर टेकून बसा, घोट्याला अर्ध्या किलोची पिशवी. पाय सरळ, क्षणभर थांबून सावकाश खाली. प्रत्येक पाय आठ-दहा वेळा. मांडी खुर्चीवरून उचलली जात असेल किंवा झटका बसत असेल तर वजन काढा. शुगरवाल्यांना आणि पातळ कातडीच्या माणसांना पिशवीखाली कापड घाला, सोडल्यावर कातडी बघा.

पाय बाजूला. खुर्चीची पाठ किंवा स्वयंपाकाच्या ओट्याची कड धरून उभे राहा. पाय बाजूला वीतभर. बोटं समोरच राहिली पाहिजेत. अंग दुसरीकडे झुकलं तर कंबरेच्या बाजूचा स्नायू काम करतच नाही, आणि चालताना डोलायला होतं ते त्याच स्नायूमुळे. आठ-दहा वेळा.

टाचा उचलणं, मग चवडे उचलणं. धरून, दहा-दहा वेळा. चवडे उचलताना ढुंगण मागे जातं ते जाऊ देऊ नका. उंबरठ्याला ठेच लागणाऱ्या माणसाने चवड्यांचा व्यायाम कधीही गाळू नये.

भिंतीला ढकलणं. हातभर अंतरावर उभं राहून तळहात खांद्याच्या उंचीवर भिंतीला, कोपर वाकवून छाती जवळ, परत. आठ वेळा. पकडीसाठी ओला पंचा पिळणं, दोन्ही दिशांनी पाच-पाच वेळा.

पहिल्या पायरीवाल्याने पहिले दोन आठवडे फक्त उठणं-बसणं, गुडघा सरळ करणं आणि बसून टाचा-चवडे एवढंच.

दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर "अंग धरलं, मले नाही जमत बा" म्हणून गोष्ट तिथेच संपते. दोन दिवसांत जाणारं, दोन्ही पायांत सारखं दुखणं चालतं. घासलेल्या गुडघ्याचं दुखणं व्यायामात थोडं वाढलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वीसारखं झालं, तरी चालतं. सकाळपर्यंत टिकलं तर पुढच्या वेळी बैठक उंच करा, आवर्तनं कमी करा. सांधा सुजला तर बंद.

## टप्पा ६. तोल

दमल्यावर तोल शिकता येत नाही, म्हणून ताकदीनंतर तीन मिनिटं बसवा. पहिल्या पायरीवाल्याने हा टप्पा उठताना हाताची गरज सुटेपर्यंत लांबवावा.

जागा म्हणजे घराचा कोपरा. पाठ कोपऱ्याकडे, समोर खुर्चीची पाठ. मागे-बाजूला भिंत, पुढे धरायला खुर्ची.

1. मोजणीत जी उभं राहण्याची पद्धत जमली नाही, तिथून सुरू करा. दहा सेकंद, तीनदा.
2. आधार या क्रमाने कमी करा: दोन हात, एक हात, एक बोट, मग हात खुर्चीच्या वर तरंगते.
3. वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर नेणं, दहा वेळा.
4. भिंतीला हात लावून आडवं चालणं, पाच पावलं इकडे, पाच तिकडे.
5. दोन बादल्या दोन मीटरवर ठेवून त्यांच्याभोवती आठाच्या आकड्यासारखं चालणं. वळताना लहान लहान पावलं. एका पायावर गिरकी घेतली की पडणं ठरलेलंच.
6. टाच-बोट चाल भिंतीच्या कडेने, दहा पावलं. मागे चालणं फक्त तिसऱ्या पायरीला.

थोडं डगमगलंच पाहिजे. अजिबात डगमगत नसेल तर ते सोपं आहे. दर वेळी खुर्ची पकडावी लागत असेल तर कठीण आहे, एक पाऊल मागे या.

थांबा: डोळे मिटून नाही. एका पायावर उभं करून "बघू किती वेळ राहता" ही गंमत नातवंडांना करू देऊ नका. मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलेलं असेल तर एक हात आधाराला कायम ठेवा, आणि ऑपरेशन पुढे ढकलू नका.

## टप्पा ७. चालणं

उठणं-बसणं हात न टेकता आठ वेळा जमलं आणि अर्धं पाऊल पुढे ठेवून दहा सेकंद उभं राहता आलं, की बाहेर पडा. त्याआधी घरातलं चालणं चालू ठेवाच. बाजेवर पडून राहा असं कोणी म्हणत नाही.

व्यायाम नसलेल्या दिवशी, आंगणातून सुरुवात. दोन मिनिटं चालणं, बसणं, असं तीनदा. आठवड्याला दोन मिनिटं वाढवा. रस्ता निवडताना दर शंभर पावलांवर ओटा, पार असं बसायला काही आहे का ते बघा. सिमेंट रोडच्या मधोमध नको आणि अगदी कडेनेही नको. कडेचा उतार अर्धा फूट खाली असतो. ढोरं घरी परततात ती वेळ टाळा.

काठीची उंची बहुतेकांची चुकते. चप्पल घालून, हात सरळ सोडून उभं राहा. काठीचं वरचं टोक मनगटाच्या घडीशी यायला हवं. वावरात नेतात ती डोक्याएवढी बांबूची काठी हाकायला ठीक, आधाराला नाही. दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा. खाली रबर हवं, आणि झिजलं की बदला. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षं पूर्ण झालेल्या पात्र व्यक्तीला अशा साधनांसाठी एकवेळ ३,००० रुपये बँक खात्यात मिळण्याची तरतूद आहे.

तिथल्या तिथे थांबा: छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, ठोके चुकल्यासारखं वाटणं, डोळ्यांपुढे अंधार. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडं बोलणं. सोसेल तसं टेकून बसवा किंवा आडवं करा, पाणी पाजू नका, १०८ ला फोन लावा.

## टप्पा ८. जमिनीवर बसणं आणि उठणं

आपल्याकडे जेवण, पूजा, डाळ निवडणं खालीच बसून होतं, त्यामुळे हे आलंच पाहिजे. पण ते शेवटी. उठणं-बसणं दहा वेळा जमल्यावर, खाली जाड गादी घालून, मोठ्या माणसाच्या सोबतीने. गुडघा बदललेला असेल, कंबरेचा सांधा बदललेला असेल तर हा टप्पा ऑपरेशन करणाऱ्यांना विचारूनच.

आडवं असताना उठायचा क्रम: कुशीवर वळा. कोपरावर उठा. दोन्ही हात-गुडघ्यांवर या. खुर्चीपर्यंत रांगत जा, बैठकीवर हात टेका. जोरकस पाय पुढे घेऊन पाऊल टेकवा. दोन्ही हातांनी दाबून उठा, वळून खुर्चीवर बसा. दोन मिनिटं बसूनच राहा.

हे आलं की पडल्यावर कसं उठायचं तेही आलं. खरंच पडलं तर मात्र आधी काही मोडलं नाही ना ते बघा. एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला, जांघेत कळ आली, तर उचलू नका, १०८ बोलवा. चार जणांनी हातपाय धरून उचलून बाजेवर टाकणं म्हणजे मोडलेलं हाड आणखी सरकवणं.

## टप्पा ९. ताट

स्नायू व्यायामाने मागितला जातो, बनतो अन्नातून. थकलेल्या म्हाताऱ्या माणसाला दर किलो वजनामागे रोज निदान १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५० किलोच्या आजीला ५० ते ६० ग्रॅम. किडनीचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरच ठरवतील.

दात नाहीत म्हणून वरणाचं वरचं पाणी आणि भात देणं ही घरोघरची चूक आहे. डाळ खाली भांड्यात राहते. घट्ट घोटलेलं वरण द्या. ढोबळ हिशोब: एका अंड्यात ६ ग्रॅम, ग्लासभर दुधात साडेसहा, ३० ग्रॅम कोरड्या तुरीच्या डाळीत साडेसहा, मूठभर शेंगदाण्याच्या कुटात ७, ३० ग्रॅम बेसनाच्या पातळ पिठल्यात ६ ते ७. सोयाबीनच्या वड्या २५ ग्रॅम घेतल्या तर १२-१३ ग्रॅम. वावरभर सोयाबीन पिकवणाऱ्या घरातही त्या ताटात क्वचितच दिसतात. भिजवून, पिळून, बारीक करून पिठल्यात घातल्या तर दात नसलेल्यालाही चालतात. सगळं रात्रीच्या जेवणात नको, तीन वेळांत वाटून द्या.

## टप्पा १०. वाढवणं, खंड पडणं, पुन्हा मोजणी

व्यायामाच्या ओळीने दोन दिवशी दहा-बारा आवर्तनं दोन-दोनदा सहज झाली, तर अर्धा किलो वाढवा किंवा आधार एक पायरी कमी करा. एकावेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे काय सोसलं नाही ते कळतं.

आठवडाभर खंड पडला तर वजन अर्धा किलो उतरवून सुरू करा. तीन आठवडे किंवा त्याहून जास्त पडला, ताप येऊन गेला, दवाखान्यात भरती व्हावं लागलं, तर टप्पा ३ ची मोजणी पुन्हा करा आणि येईल ती पायरी घ्या. पोळ्याआधी जिथे होतो तिथूनच दिवाळीनंतर सुरू करायचं, हा हट्ट गुडघ्याला महागात पडतो.

बाराव्या आठवड्याला त्याच खुर्चीवर, तेच अंतर ठेवून तिन्ही आकडे पुन्हा मोजा. पाचदा उठण्याचा वेळ दोन-तीन सेकंदांनी कमी झाला तरी तो खरा फरक आहे. काहीच हललं नसेल तर वहीत बघा: वजन कधी वाढवलंच नाही का, तीनऐवजी एकच दिवस होतोय का, मदतनिसाचा हात ओढतोय का, डाळ घट्ट जातेय का. हे सगळं ठीक असूनही आकडा तिथेच असेल, तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर आणि ड जीवनसत्त्व तपासायला सांगा, आणि ती वही सोबत न्या.